गॅदरिंगला मी जाऊ का?

प्रिय मावशी,

मी ३६ वर्षांची आहे. नागपूरला मानेवाड्यात राहते, एका पतसंस्थेत कामाला आहे. माझं वजन ९८ किलो. आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. लेक तिसरीत आहे. परवा रात्री झोपताना म्हणाली, "आई, गॅदरिंगला तू नको येऊ, बाबाला पाठव." खूप खोदून विचारल्यावर कळलं की वर्गातली पोरं तिला "तेरी मम्मी डबल सीट" म्हणून चिडवतात. मी तिला जवळ घेतलं आणि लाइट बंद केला, माझं तोंड तिला दिसू नये म्हणून.

सासूबाई रोज माझ्या ताटाकडे बघतात. "माझ्या लेकाची कमाई किराण्यातच जाते," असं हसत हसत म्हणतात. ऑफिसात दोन महिन्यांपूर्वी मला काउंटरवरून उचलून आत रेकॉर्डला बसवलं. साहेब म्हणाले, समोर जरा प्रेझेंटेबल माणूस पाहिजे. गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरकडे गेले, तर ते खुर्चीतून न उठता म्हणाले, "पंधरा किलो कमी करा, मग या." मावशी, मी तीनदा कमी केलंय, एकदा तर १४ किलो. तिन्ही वेळा परत आलं, वर व्याजासकट. आता नणंद ११ हजारांची पावडर घे म्हणून मागे लागली आहे. लोकांना काय उत्तर देऊ? मुलीला काय सांगू? आणि गॅदरिंगला जाऊ का?

मानेवाड्याची एक आई

*

मानेवाड्याच्या आईस,

जा.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी दिलं, कारण त्याला तारीख आहे. बाकीची उत्तरं लांबलचक आहेत, सावकाश वाच. तू मला मावशी म्हटलंस, तेव्हा मी तू-तुझंच करते. आणि तू वजन सांगितलंस तर मीही सांगते. वय ६१, वजन १०४. शाळेत असल्यापासून मी अशीच आहे.

माझं लहानपण नागपूरच्या महाल भागात गेलं. तेरा वर्षांची असेन, मारबतींची, म्हणजे पोळ्यानंतर निघणाऱ्या मोठाल्या पुतळ्यांची, मिरवणूक बघायला नेहरू पुतळ्याजवळ उभी होते. काळी आणि पिवळी मारबत तिथे भेटतात, त्यामुळे मुंगीला वाट नसते. "इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" असा गजर चालला होता. आमच्याच गल्लीतल्या पोट्ट्यांनी मला पाहिलं, चाल तीच ठेवली आणि शब्द बदलले, "ढोलीले घेऊन जा गे मारबत!" आजूबाजूचे लोक हसले. मनात वाईट असं काही नसेल, सणाचा भर होता. मीही हसले. घरी येऊन आईला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "मग चार घास कमी खात जा." ती काळी मारबत १८८१ पासून निघते. शहरातलं जे जे नकोसं ते तिच्यावर लादायचं आणि गावाबाहेर नेऊन जाळायचं. त्या दिवशी नकोशा गोष्टींच्या यादीत मी होते.

पोट्ट्यांचं ओरडणं मी विसरलेही असते. आईचं वाक्य विसरले नाही. त्या वाक्यानं हिशेब पक्का झाला, की चूक ओरडणाऱ्यांची नाही, माझी आहे. आधी वजन उतरव, मग मान मागायला ये.

तुझं पत्र पुन्हा वाच. त्यातलं प्रत्येक माणूस तुला हेच सांगतंय. डॉक्टर म्हणतात, आधी पंधरा किलो, मग गुडघा. साहेबांचं म्हणणं, आधी बारीक हो, मग काउंटर. सासूबाईंच्या मते, आधी कंबर, मग दुसरी पोळी. आणि शेवटी तूच स्वतःला विचारतेस की या अंगानं लेकीच्या गॅदरिंगला जाण्याची परवानगी आपल्याला आहे का. मला या रांगेवरच हरकत आहे. वजन कमी करायचं की नाही, कसं, किती, हा तुझा आणि तुझ्या डॉक्टरचा विषय. मान हा वेगळा विषय आहे आणि तो आजच्या ९८ किलोंना आजच मिळायला हवा. मी ही गोष्ट पन्नाशी उलटल्यावर शिकले. तू आधी शिक.

आता लेक. तिचं बोलणं तुला लागलं, लागणारच. पण ती नेमकं काय म्हणाली ते बघ. "मला तुझी लाज वाटते" असं ती म्हणालेली नाही. आठ-नऊ वर्षांच्या पोरीनं तिच्या परीनं तोडगा काढलाय, आई आली नाही तर कोणी काही बोलणार नाही. त्यात ती स्वतःला वाचवतेय, आणि बहुतेक तुलाही. तुला कोणी हसलेलं तिला बघायचं नाहीये.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगायला सोपी नाही. मी माझ्या मुलीला अंगावरून कधी एक शब्द बोलले नाही. मी फक्त स्वतःला बोलत राहिले. आरशासमोर "काय ही हत्तीण", फोटोच्या वेळी "मला मागे उभं करा, नाहीतर बाकीचे मावणार नाहीत", कोणी वाढायला आलं की "नको बाई, मला पाणीसुद्धा अंगी लागतं". आपणच आधी म्हटलं की दुसऱ्याला म्हणायला काही उरत नाही, हा त्यातला हिशेब तुला ठाऊकच असेल. मुलगी दहा वर्षांची असताना होळीला दुसरी पुरणपोळी घ्यायला लागली, तेव्हा मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "एकच घे, माझ्यासारखी होशील." मला वाटलं, मी काळजी घेतेय. आज ती ३२ वर्षांची आहे, काडीसारखी आहे आणि दिवसातून दोनदा वजनकाट्यावर उभी राहते. मागच्या दिवाळीला मी तिला विचारलं, एवढी कशाची भीती वाटते गं? बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, "तुझ्यासारखी होण्याची. तूच शिकवलीस ना."

म्हणून लेकीशी बोलताना "छे गं, आई कुठे जाड आहे?" असं म्हणू नकोस. तिला डोळे आहेत. तिला सरळ सांग, हो, मी जाड आहे. काही माणसं उंच असतात, काही सावळी असतात, काही जाड असतात. त्यावरून कोणाला हसणं चूक आहे आणि ती चूक त्या मुलांची आहे, माझी नाही आणि तुझीही नाही. मला सांगितलंस ते बरं केलंस. एवढं पुरे. बोलताना रडू आलं तर येऊ दे, पण लाइट बंद करू नकोस.

एवढं होऊनही तिला लाज वाटली तर वाटू दे. "माझी आई जगात भारी" असं तिनं छाती काढून म्हणावं, ही अपेक्षा तिच्यावर टाकू नकोस. तुझी लढाई लढायला ती फार लहान आहे. तुला गेटवर बघून तिनं मान खाली घातली तर तू फक्त हात हलव आणि जागेवर जाऊन बस.

त्याआधी एकदा वर्गशिक्षिकेला भेट. माझा अपमान झाला म्हणून जाऊ नकोस, माझ्या मुलीला वर्गात चिडवलं जातंय म्हणून जा. या दोन तक्रारींत फार फरक आहे. पहिलीला "अहो, लहान मुलंच ती" असं उत्तर येतं. दुसरीची दखल घ्यावीच लागते. आणि ज्या वर्गात आईच्या अंगावरून चिडवाचिडवी चालते त्या वर्गात रंगावरून, चष्म्यावरून, तोतरेपणावरून, आडनावावरूनही चालतच असते. बाईंना सगळ्यांबद्दलच बोलायला सांग. तुझ्या लेकीचं नाव न घेता बोलल्या तर आणखी बरं.

एक गोष्ट राहिली. सासूबाईंचं बोलणं सोडलं तर तुझ्या पत्रात नवरा एकदाच येतो, "बाबाला पाठव" या तीन शब्दांत... दोनच शब्द आहेत, माझं गणित कच्चं. त्याचं वजन तू लिहिलं नाहीस. लिहावंसं वाटलंच नसेल. त्याला पोट असेल तर ते "सुखाचं" असेल. डिसेंबरात आपल्याकडे हिवाळी अधिवेशन भरतं, तेव्हा टीव्हीवर बघत जा, केवढाली पोटं सदऱ्यात घालून माणसं राज्य चालवतात. त्यांना कोणी आत रेकॉर्डला बसवत नाही. जाड पुरुषाला टोमणे बसत नाहीत असं नाही, मुलग्यांनाही शाळेत फार छळतात. पण लग्न, नोकरी आणि ताट या तिन्ही ठिकाणी बाईचा काटा वेगळा असतो. सासूबाईंना उत्तर द्यायचं काम म्हणूनच तुझं नाही, त्यांच्या लेकाचं आहे. त्यानं एकदा, चिडून न जाता, सगळे जेवायला बसले असताना म्हणावं, "आई, हिच्या ताटाबद्दल आजपासून बोलायचं नाही." तो म्हणणार नसेल तर का नाही, ते त्याला विचार. सासूबाईंशी भांडण्यापेक्षा ते बोलणं जास्त गरजेचं आहे. आणि किराण्यात तुझा पगारही जातो, हे मी सांगायला नको.

आपल्या भाषेचीही गंमत आहे. बाळ गुटगुटीत हवं, त्यानं बाळसं धरलं की आपण दृष्ट काढतो. पूर्वी सून "खात्यापित्या घरची" दिसली की कौतुक व्हायचं. आता लग्नाच्या बायोडेटात "मुलगी हेल्दी आहे" असं लिहितात, आणि ते वाचून समोरचे "कळवतो" म्हणतात. एकच आत्या दिवाळीत "किती गं वाळलीस" म्हणून कळवळते आणि अक्षयतृतीयेला "सुटलीस गं" म्हणते. मधल्या कोणत्या तारखेला आपण बरोबर होतो, ते काही ती सांगत नाही. माझ्या पिढीत जाड मुलीला "टुणटुण" म्हणायचे. मलाही म्हणत. ती बाई कोण ते मला फार उशिरा कळलं. तिचं नाव उमादेवी. १९४७ साली पार्श्वगायिका म्हणून ती गाजली होती, पुढे टुणटुण नावानं पडद्यावर विनोदी कामं केली. गळ्यावर नाव कमावलेली बाई, आणि आम्ही पोरीबाळी तिचं नाव ऐकून मान खाली घालायचो. आता मला कोणी टुणटुण म्हटलं तर मी विचारते, गाऊन दाखवू का?

गुडघ्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. आणि इथे मी तुला गोड बोलून फसवणार नाही. वजनाचा भार गुडघ्यावर पडतो. वजन, साखर, रक्तदाब यांचा संबंध आहे. तो नाहीच असं सांगणाऱ्यांपासून लांब राहा. पण संबंध आहे म्हणजे तपासायचं नाही, हे कुठलं शास्त्र? गुडघा हातानं न दाबता, चार पावलं चालायला न लावता निदान करायचं असेल तर डॉक्टर कशाला हवा, वजनकाटा पुरे. पुन्हा जाशील तेव्हा शांतपणे एक प्रश्न विचार, "डॉक्टर, हेच दुखणं घेऊन एखादी बारीक बाई आली असती तर तुम्ही काय केलं असतं? तेवढं आधी माझ्यासाठी करा." बारीक बाईचा गुडघा तपासतात, गरज वाटली तर एक्स-रे काढतात, मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम शिकवतात, फिजिओथेरपीला पाठवतात. हे सगळं ९८ किलोंवरही चालतं. या प्रश्नावर डॉक्टर चिडले तर डॉक्टर बदल. नागपुरात हाडांच्या डॉक्टरांचा दुष्काळ नाही.

रक्तदाब मोजतील तेव्हा दंडावरच्या पट्ट्याकडे लक्ष दे. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटा वाढतो. अमेरिकेत २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांना सगळ्यात मोठ्या मापाचा पट्टा लागतो अशा लोकांना नेहमीचा पट्टा लावला, तर वरचा आकडा सरासरी वीसच्या आसपास जास्त आला. वीस म्हणजे नसलेल्या आजाराची गोळी सुरू व्हायला पुरेसे. माझा एकदा १५२ निघाला होता. मी मोठा पट्टा मागितला. नर्सताईंनी कपाट उघडलं, खालच्या खणातून धूळ झटकून काढला आणि पुन्हा मोजला, १३४. तेव्हापासून मी दंड पुढे करण्याआधीच पट्टा मागते. तूही माग. लाजू नकोस, चप्पल आपण मापाची मागतोच ना.

भिंतीवरच्या बीएमआयच्या तक्त्याला भिऊ नकोस, आणि त्याला गीतेसारखं मानूही नकोस. उंची-वजनाचं हे गणित बेल्जियमच्या केतले नावाच्या माणसानं १८३० च्या दशकात मांडलं. तो डॉक्टर नव्हता. खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्र त्याचे विषय, आणि त्याला शोध होता "सरासरी माणसाचा". बीएमआय हे नाव तर १९७२ साली अमेरिकेतल्या ॲन्सेल कीज यांनी दिलं. हजारो माणसांचा अंदाज घ्यायला ते सोयीचं आहे, पण एका माणसाच्या आत काय चाललंय ते त्यातून दिसत नाही. याचा सगळ्यात झकास दाखला आपल्या पुण्याचाच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. युडकिन या दोघांनी २००४ साली "लॅन्सेट"मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखा, २२.३. दोघंही दिसायला सडसडीत. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्या लोकांना बारीक असतानाही मधुमेह का गाठतो, त्याचं एक उत्तर त्या फोटोत आहे. २०२५ च्या सुरुवातीला जगभरच्या तज्ज्ञांच्या एका समितीनंही सांगितलं की नुसत्या बीएमआयवरून कोणाला आजारी ठरवू नका, अवयव कसे काम करतात ते बघा. तेव्हा तू साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासून घे, ते महत्त्वाचंच आहे. आणि तुझी नणंद बारीक असली तरी तिलाही साखर तपासायला सांग.

नणंदेची पावडर घेऊ नकोस. ११ हजारांत तुझ्या दोन महिन्यांच्या फिजिओथेरपीचे पैसे निघतील आणि वर एखादी बरी साडी येईल. नातं सांभाळायचं तर एवढंच म्हण, "तुझा धंदा चालो बाई, पण गिऱ्हाईक मी नाही." दुसऱ्यांदा विचारलं तर हेच वाक्य, तिसऱ्यांदाही हेच. कारण द्यायला गेलीस की अडकलीस, कारणांना उत्तरं द्यायचंच तर असल्या पावडरी विकणाऱ्यांना शिकवलेलं असतं.

आणि ते व्याजासकट परत आलेलं वजन. त्याबद्दल तू जे लिहिलंस त्यात कबुलीजबाब दिल्यासारखा सूर आहे. तो काढून टाक. अमेरिकेत वजन उतरवायची एक टीव्ही स्पर्धा असायची. तिच्यातल्या १४ जणांचा सहा वर्षांनी अभ्यास झाला, निष्कर्ष २०१६ साली छापून आले. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो घालवले होते. सहा वर्षांत त्यातले सुमारे ४१ परत आले. आणि त्यांचं शरीर बसल्या जागी जेवढी ऊर्जा खर्च करायला हवी, त्याहून दिवसाला जवळजवळ ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. वजन झपाट्यानं उतरलं की शरीराला दुष्काळ पडल्यासारखं वाटतं. ते भूक वाढवतं, खर्च आवरतं, दिसेल ते साठवतं. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात पाऊस ओढ देतो तेव्हा जे होतं तेच. त्याला आपण "माझी जीभ" म्हणतो. जीभ कोणालाही असते. तर्रीपोह्याच्या गाडीवर सकाळी सातला उभे असलेले सगळे काही जाड नसतात.

२०२५ पासून वजनाची नवी इंजेक्शनंही आपल्याकडे मिळायला लागली आहेत. आली तेव्हा महाग होती. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कोणी घेतली तर ते पाप नाही आणि नाही घेतली तर तो गुन्हाही नाही. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून परस्पर मात्र घेऊ नकोस.

ऑफिसचं ऐकून माझं डोकं फिरलं, म्हणून ते शेवटाकडे ठेवलं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १९७६ पासून कायदा आहे, नोकरीत वजनावरून भेदभाव करता येत नाही. न्यूयॉर्क शहरानं २०२३ साली तसाच केला. हे आपोआप झालेलं नाही. १९६७ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सुमारे पाचशे लोक जमले होते, जाड आणि त्यांच्या बाजूनं उभे राहिलेले. त्यांनी तिथे डाएटची पुस्तकं जाळली. मला ते वाचून आमची मारबत आठवली. काय जाळायचं ते त्या लोकांना बरोबर कळलं होतं. आपल्याकडे वजनाचं नाव घेऊन संरक्षण देणारा कायदा नाही, हे तुला स्पष्ट सांगते, म्हणजे खोट्या भरवशावर राहणार नाहीस. पण एक कर. साहेबांना लेखी विचार, "माझं काम काउंटरवरून रेकॉर्डला का बदललं, याचं कारण कृपया लेखी कळवावं." तोंडी "प्रेझेंटेबल" म्हणणं सोपं असतं. कागदावर तो शब्द लिहिताना हात अडखळतो. काउंटरवरचं तुझं काम, चुका नसलेले दिवस, ग्राहकांनी केलेलं कौतुक, जे काही असेल ते तारखांसकट लिहून ठेव. आणि अंगावरून बोलताना कोणी अश्लील बोललं तर तो २०१३ च्या कायद्यातला लैंगिक छळ होऊ शकतो. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे त्यासाठी समिती असावीच लागते, चौकशी करून ठेव.

लोकांना काय उत्तर देऊ, असं विचारलंस. सगळ्यांना देऊ नकोस, दमशील. मी माणसं तीन प्रकारची मानते. ज्यांच्याशी पुन्हा गाठ नाही, त्यांना उत्तर नाही. शेअर ऑटोवाला "मॅडम, दो सीट का लगेगा" म्हणाला तर भांडायचं की उतरायचं ते त्या दिवसाचं ऊन आणि आपला मूड बघून ठरवायचं. मी दोन्ही केलंय. ज्यांच्या हातात आपलं काम आहे, डॉक्टर, साहेब, शिक्षिका, त्यांना प्रश्न विचारायचे, खालच्या आवाजात आणि न हसता. न हसणं महत्त्वाचं आहे. आपल्याला आधी हसून घ्यायची सवय लागलेली असते. तिसरी माणसं जवळची. त्यांना एकदा नीट सांगायचं आणि नंतर आठवण करून द्यायची. बर्डीवरचे आमचे टेलरकाका माप घेताना पोऱ्याला ओरडून सांगायचे, "कंबर शेहेचाळीस!" दुकानातल्या सगळ्या बायका वळून बघायच्या. वीस वर्षं मी ऐकून घेतलं. मग एक दिवस म्हटलं, "काका, ओरडू नका, लिहून घ्या." ते ओशाळले. म्हणाले, "बाई, आधी सांगायचं ना." आता सगळ्यांचीच मापं लिहून घेतात. वीस वर्षं, आणि लागलं एक वाक्य. सगळीकडे एवढ्या स्वस्तात भागत नाही म्हणा.

हळदीकुंकवाला कोणी म्हणालं "काय गं, काय खाऊन राहिली एवढं?" तर "तुमच्याकडे वाढतील ते" म्हणून बघ. मला हे जमतं. तुला नसेल जमत तर नुसतं बघत राहिलीस तरी चालेल. मोठं उत्तर सुचलंच पाहिजे असं काही नाही.

आता गॅदरिंग. तुझ्या पोटात खरी भीती कसली आहे ते मला माहीत आहे, कारण ती माझीही आहे. प्लॅस्टिकच्या खुर्चीची. हात असलेली, पाय फाकणारी, पांढरी नाहीतर लाल खुर्ची. पोरांच्या हसण्यापेक्षा तिचा कडकन आवाज आपल्याला जास्त छळतो. तर त्यावर माझा जुना उपाय असा, की एकात एक अशा दोन खुर्च्या घालायच्या आणि त्यावर बसायचं. दुप्पट बळकट होते, उंचही होते आणि स्टेज चांगलं दिसतं. शिपायाला आधीच सांग, "दादा, मला दोन खुर्च्या लागतील." तो काही विचारणार नाही. हात नसलेली खुर्ची मिळाली तर सोन्याहून पिवळं. कडेला बस, म्हणजे ऊठबस सोपी, गुडघ्यालाही बरं. स्वेटर घेऊन जा, रात्री मैदानावर गार लागतं. आणि फोटो काढतील तेव्हा मागच्या रांगेत जाऊ नकोस, तुझ्या लेकीच्या फोटोत तू असायला हवीस.

एक मात्र तू लिहिलंच नाहीस. डॉक्टर आले, साहेब आले, नणंदेची पावडर आली, पण पोरगी गॅदरिंगमध्ये काय करणार आहे ते पत्रात कुठेच नाही. नाच आहे, की नाटक? कशातली कोण झाली आहे? तेवढं कळव.

तुझी,
मावशी